दुसऱ्याच्या पडझडीवर घेतलेला शेअर

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार मुंबईकरांच्या स्मरणात असेल. त्या दिवशी मुंबईच्या विमानतळावर प्रवाशांच्या रांगा लांबत गेल्या. देशातील अनेक विमानतळांवर प्रवाशांच्या हाती शाईने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. एकट्या इंडिगोने सुमारे दोनशे उड्डाणे रद्द केली. जगभर हीच अवस्था होती. इस्पितळांतील शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, दूरचित्रवाणीची केंद्रे मुकी झाली, कार्यालयांतील संगणकांचे पडदे निळे पडून राहिले. कोणा शत्रुराष्ट्राने हल्ला केला होता म्हणावे, तर तसे नव्हते. कोणी चोर आत शिरला होता, असेही नव्हते. चोरांपासून राखण करण्यासाठी पगार देऊन ठेवलेला पहारेकरीच दारात आडवा पडला होता.

तो पहारेकरी म्हणजे अमेरिकेतील क्राउडस्ट्राइक ही कंपनी. तिचा फाल्कन नावाचा संरक्षक प्रोग्राम मोठमोठ्या कंपन्यांच्या संगणकांत अगदी गाभ्याशी, म्हणजे जेथे चूक झाली तर सारे यंत्रच बंद पडावे अशा जागी, बसविलेला असतो. नव्या धोक्यांची माहिती देणाऱ्या लहान लहान फाइली कंपनी त्याला दिवसभर पाठवीत असते. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी अशीच एक फाइल गेली. ती वाचणाऱ्या प्रोग्रामला वीस रकाने मिळत होते आणि फाइल एकविसाव्याची मागणी करीत होती. नसलेला रकाना वाचावयास गेलेला प्रोग्राम कोसळला व त्याच्यासह संगणकही कोसळला. चूक ध्यानात येऊन फाइल मागे घेण्यास ७८ मिनिटे लागली, आणि तेवढ्या अवधीत मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणक निकामी झाले. विंडोजवर चालणाऱ्या एकूण संगणकांपैकी हे एक टक्काही नव्हेत. परंतु विमान कंपन्या, बँका व इस्पितळे त्या एका टक्क्यात होती. शिवाय पडलेला संगणक दुरून उठविता येईना. बहुतेक ठिकाणी माणसाने प्रत्येक यंत्रापुढे बसून ती फाइल हाताने पुसावी लागली.

हे सर्व चालू असताना न्यूयॉर्कच्या बाजारात एक दुसरा हिशेब मांडला जात होता. क्राउडस्ट्राइकचा शेअर आदल्या दिवशी ३४३ डॉलरांवर होता. तो शुक्रवारी सुमारे ११ टक्के व सोमवारी आणखी सुमारे १३ टक्के उतरला. तिची तरुण प्रतिस्पर्धी सेंटिनलवन, जी हाच माल याच गिऱ्हाइकांना विकते, तिचा शेअर त्याच शुक्रवारी सुमारे ८ टक्के चढला. तर्क सरळ होता. एका दुकानाला आग लागली, तेव्हा गिऱ्हाईक आता शेजारच्या दुकानात जाणार; मग शेजाऱ्याचा शेअर आजच घेऊन ठेवावा. हा सल्ला अमेरिकेत दिला गेला आणि आपल्याकडेही दिला गेला.

एका परदेशी कंपनीच्या शेअरची चर्चा वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, न्यूयॉर्कचा बाजार आता दादर-पार्ल्याच्या, डेक्कनच्या आणि धंतोलीच्या मध्यमवर्गाला परका राहिलेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार प्रत्येक रहिवाशाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविता येते, आणि हातातील फोनवरून अमेरिकी शेअर घेणे हे दूधवाल्याचे बिल चुकते करण्याइतके सोपे झाले आहे. संगणकाच्या व्यवसायात नोकरी करणारा आमचा तरुण वर्ग तर या कंपन्यांची नावे घरच्या माणसांसारखी घेतो. कचेरीत तो रोज त्यांचाच प्रोग्राम वापरीत असतो. म्हणूनच त्याला असे वाटण्याचा संभव अधिक की, हा धंदा आपल्याला कळतो, सबब हा शेअरही आपल्याला कळतो. आमच्या मते या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि जुलै २०२४ च्या त्या सौद्यात त्यांतील अंतर जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसले असेल.

त्या शुक्रवारी सकाळी सेंटिनलवनचा शेअर घेणाऱ्याला काय ठाऊक होऊ शकत होते, ते प्रथम पाहू. म्हणजे आमचे म्हणणे पश्चातबुद्धीचे आहे असा आक्षेप राहणार नाही. ३१ जानेवारी २०२४ रोजी संपलेल्या वर्षाचे दोन्ही कंपन्यांचे हिशेब तेव्हा प्रसिद्ध झालेले होते. सेंटिनलवनची विक्री सुमारे ६२ कोटी डॉलर आणि तोटा सुमारे ३४ कोटी डॉलर होता. म्हणजे दोन रुपये मिळवावयाचे व तीन रुपयांहून अधिक खर्चावयाचे, असा तिचा संसार चालला होता. त्याच वर्षी क्राउडस्ट्राइकची विक्री ३०६ कोटी डॉलर होती आणि तिला सुमारे ९ कोटींचा निव्वळ नफा झाला होता. आता बाजारभावाकडे पाहावे. क्राउडस्ट्राइकचे एकूण बाजारमूल्य अपघाताच्या आदल्या दिवशी सुमारे ८,३०० कोटी डॉलर, म्हणजे वर्षाच्या विक्रीच्या सत्तावीस पट होते. सेंटिनलवनचे सुमारे ६३० कोटी, म्हणजे दहा पट. "बघा, हा शेअर किती स्वस्त!" असे म्हणणाऱ्यांचा सारा भार या सत्तावीस आणि दहा यांच्यातील अंतरावर होता.

परंतु स्वस्त कशाच्या तुलनेत? एखाद्या वस्तूचा भाव अवाच्या सवा झाला असेल, तर तिच्या शेजारची प्रत्येक वस्तू स्वस्तच भासते. आणि त्या एका दिवसाच्या आठ टक्क्यांचा हिशेब केला तर असे दिसते की, बाजाराने सेंटिनलवनच्या मूल्यात काही तासांत सुमारे ५० कोटी डॉलरांची भर घातली. तिची आदल्या संपूर्ण वर्षाची विक्री ६२ कोटी! त्या दिवशी तिने एकही नवा करार जाहीर केला नव्हता, एकही नवा माल बाजारात आणला नव्हता. तिच्या हातून चूक झाली नाही, एवढेच तिचे कर्तृत्व. चूक न करणे हा गुण खरा, परंतु ताळेबंदात त्यासाठी वेगळा रकाना नसतो.

गिऱ्हाईक जाणार, हे गृहीतही तपासून पाहावयास हवे होते. संगणकाचा पहारेकरी बदलणे म्हणजे वाणी बदलणे नव्हे. मोठ्या कंपनीत असा प्रोग्राम हजारो यंत्रांत बसविलेला असतो. करार वर्षा-दोन वर्षांचे, पुष्कळदा तीन वर्षांचे असतात. कर्मचारी त्याच प्रोग्रामवर शिकलेले असतात. आणि तो काढून दुसरा बसविण्याच्या संधिकाळातच चोरांचे फावते. तेव्हा संतापलेला अधिकारी त्या आठवड्यात काहीही म्हणो, करार संपेपर्यंत त्याचा राग बहुधा निवतो आणि तो सोडून जाण्याऐवजी भावात सूट मागतो. घडलेही तसेच. क्राउडस्ट्राइकने गिऱ्हाइकांना रोख भरपाईऐवजी आपल्याच मालाचे जादा भाग वापरण्यास दिले, त्यापायी स्वतःच्या उत्पन्नाचा अंदाज खाली आणला, आणि ज्यांनी एक भाग घेतला होता त्यांच्या घरात या निमित्ताने आणखी चार भाग नेऊन ठेवले. पुढे तिने जे आकडे प्रसिद्ध केले, त्यांवरून तिचे ९७ टक्के उत्पन्न टिकून राहिले. तिच्या अध्यक्षांनी ऑगस्टमध्ये लास व्हेगासला जाऊन 'सर्वांत भव्य अपयशा'चे उपरोधिक पारितोषिक चारचौघांत स्वतःच्या हाताने स्वीकारले. चूक झाकणाऱ्यापेक्षा चूक पदरात घेणाऱ्याला व्यवहारात अधिक मुदत मिळते, हे त्या कंपनीला नेमके उमगले होते.

बरे, जी थोडी गिऱ्हाइके सोडून जावयाची होती ती सेंटिनलवनकडेच जातील याचा तरी भरवसा काय? या बाजारात पालो आल्टो नेटवर्क्स आहे. आणि सर्वांच्या वर मायक्रोसॉफ्ट आहे, जी आपला स्वतःचा पहारेकरी इतर मालाच्या गाठोड्यात बांधूनच देते. आग एका दुकानाला लागली तरी शेजारी दुकान एकच नव्हते.

प्रतिस्पर्ध्याच्या अपयशाचा लाभ कधीच होत नाही, असे मात्र आम्ही म्हणत नाही. २००२ साली एन्रॉनच्या प्रकरणात (एन्रॉन म्हणजे काय हे दाभोळच्या अनुभवानंतर महाराष्ट्राला सांगावयास नको) आर्थर अँडरसन ही हिशेबतपासनिसांची बलाढ्य पेढी मोडली, आणि तिची गिऱ्हाइके उरलेल्या चार पेढ्यांनी वाटून घेतली. पण अँडरसन संपली होती. तिच्या गिऱ्हाइकांना दुसरीकडे जाणे भागच होते. १७ एप्रिल २०१९ रोजी मुंबईच्या जेट एअरवेजचे शेवटचे विमान उडाले, तेव्हाही प्रवाशांना दुसरे तिकीट काढणे भाग होते. आणि तरी त्या प्रसंगात काय झाले ते पाहण्यासारखे आहे. जेटची काही विमाने व विमानतळांवरील वेळा स्पाइसजेटने घेतल्या. तिचा शेअर त्या वर्षी दीडशे रुपयांच्या घरात जाऊन पोहोचला. परंतु तिची स्वतःची मॅक्स विमाने त्याच वर्षीच्या मार्चपासून जमिनीवर उभी होती, पुढच्या वर्षी कोविडचे संकट आले, देणी वाढत गेली, आणि २०२२ साली तोच शेअर पन्नास रुपयांच्याही खाली आला. जेटच्या पतनाचा खरा टिकाऊ लाभ इंडिगोला झाला. म्हणजे जिचा संसार आधीपासूनच नीट चालला होता तिला. प्रतिस्पर्धी मेला असतानाही वारसा दुबळ्याच्या हाती टिकला नाही. क्राउडस्ट्राइक तर मेली नव्हती. ती ठेचकाळली होती.

अशा ठेचेचा इतिहासही उपलब्ध होता. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या तेव्हाच्या अग्रगण्य कंपनीने अशीच एक सदोष फाइल पाठविली, आणि तिच्या पहारेकऱ्याने विंडोज एक्सपीचाच एक अत्यावश्यक भाग विषारी ठरवून काढून टाकला. जगभर संगणक पुनःपुन्हा बंद-चालू होत राहिले. योगायोग असा की, त्या वेळी मॅकॅफीचे तांत्रिक प्रमुख असलेले जॉर्ज कुर्ट्झ हेच पुढे क्राउडस्ट्राइकचे संस्थापक व मुख्य अधिकारी झाले. त्या अपघातानंतर मॅकॅफी बुडाली काय? चार महिन्यांनी इंटेलने तिला चालू बाजारभावापेक्षा सुमारे साठ टक्के अधिक देऊन, ७६८ कोटी डॉलरांस विकत घेण्याचे जाहीर केले.

हा दोष एका कंपनीचा नसून धंद्याच्या घडणीतच आहे, हे तर सेंटिनलवननेच अकरा महिन्यांत सिद्ध करून दिले. २९ मे २०२५ रोजी तिच्या स्वतःच्या यंत्रणेतील एका प्रोग्रामच्या दोषामुळे तिचे अंतर्गत जाळे तुटले, आणि गिऱ्हाइकांना आपल्या पहारेकऱ्याशी बोलण्याची खिडकी कित्येक तास बंद राहिली. संगणक बंद पडले नाहीत, संरक्षण चालू राहिले, तेव्हा या घटनेची तुलना जुलै २०२४ शी करणे अन्यायाचे होईल, आणि ती आम्ही करीत नाही. परंतु 'ती चुकते, ही चुकत नाही' एवढ्यावर ज्यांनी पैसे लावले होते, त्यांच्या पायाखालची फळी त्या दिवशी सरकली.

आता सौद्याचा हिशेब. क्राउडस्ट्राइकचा शेअर ऑगस्ट २०२४ च्या आरंभी २१८ डॉलरांच्या आसपास उतरला होता. नोव्हेंबर संपण्यापूर्वी तो अपघाताच्या आदल्या दिवसाच्या पातळीवर परत आला, आणि जुलै २०२५ च्या आरंभी ५०० डॉलरांच्या वर गेला. सेंटिनलवनचा शेअर अपघातानंतर २१-२२ डॉलरांच्या घरात होता. नोव्हेंबरपर्यंत तो २८ च्या आसपास चढला, आणि २०२५ च्या वसंतात २० डॉलरांच्याही खाली आला. वर्ष भरले तेव्हाही तो तेथेच होता. म्हणजे चूक करणाऱ्या कंपनीचा शेअर अपघाताच्या आदल्या दिवशी, तेजीच्या ऐन शिखराजवळ, घेतलेल्या माणसाचे पैसे वर्षाने एक तृतीयांशाहून अधिक वाढले होते. आणि चूक न करणारीचा घेतलेला माणूस तोट्यात होता.

यावरून कोणी उलटा धडा घेईल, की पडलेलाच शेअर घ्यावा. तोही आमचा सल्ला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये खटले उभे राहत होते, अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्षी व्हावयाच्या होत्या, आणि गिऱ्हाइके किती जातील हे कंपनीलाही ठाऊक नव्हते. शिवाय विक्रीच्या वीसहून अधिक पट भाव देणारा माणूस पुढची अनेक वर्षे निर्विघ्न जातील असे मानूनच तो देत असतो.

सेंटिनलवनला न्याय द्यावयाचा तर हेही सांगितले पाहिजे की, कंपनी म्हणून ती वाईट चालली नव्हती. जानेवारी २०२५ अखेरच्या वर्षात तिची विक्री सुमारे एक तृतीयांशाने वाढून ८२ कोटी डॉलर झाली, तोटा ३४ कोटींवरून २९ कोटींवर आला, लेनोव्होच्या नव्या संगणकांत तिचा प्रोग्राम आधीच बसवून देण्याचा करार झाला, आणि जुलै २०२५ अखेर तिच्या चालू करारांचे वार्षिक मूल्य १०० कोटींच्या पुढे गेले. धंदा वाढत होता आणि शेअर उतरत होता, कारण वाढीचा वेग मंदावत होता, आणि भाव ठरला होता तो मात्र दुसऱ्याकडून येऊ घातलेल्या गिऱ्हाइकांच्या लोंढ्यावर. लोंढा आला नाही. त्यात या धंद्यातील एका रूढीची भर पडते. कर्मचाऱ्यांच्या मोबदल्याचा मोठा भाग नवे शेअर काढून दिला जातो आणि तो खर्च वगळून 'सुधारित' नफा जाहीर केला जातो. आमच्या वाचकांपैकी ज्यांना असा शेअर घ्यावयाचा असेल त्यांनी सुधारित नफ्याच्या आधी निव्वळ तोट्याची ओळ वाचावी, आणि एकूण शेअरांची संख्या दरसाल कितीने फुगते हेही पाहावे. कंपनीच्या वाढीतील आपला वाटा त्यानेच आक्रसत जातो.

एवढ्याने शेअरचा प्रश्न संपतो. परंतु त्याच्या मागे एक सार्वजनिक प्रश्न उभा आहे, आणि तो आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. बाजाराने क्राउडस्ट्राइकला इतक्या लवकर क्षमा का केली? तिचा माल निर्दोष ठरला म्हणून नव्हे. तिच्यावाचून गिऱ्हाइकांचे चालत नाही, हे त्या अपघातानेच सर्वांना दाखवून दिले म्हणून. जी कंपनी पडली असता विमाने उडत नाहीत, तिच्याशी झालेला करार सहजी मोडत नाही, आणि न मोडणारा करार हीच गुंतवणूकदाराच्या दृष्टीने संपत्ती. नागरिकाच्या दृष्टीने मात्र तोच धोका आहे. पॅरामेट्रिक्स या विमाक्षेत्रातील संस्थेने अमेरिकेतील सर्वांत मोठ्या पाचशे कंपन्यांचे या एका दिवसाने झालेले नुकसान सुमारे ५४० कोटी डॉलर इतके काढले. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने त्याच दिवशी जाहीर केले की, केवळ दहा बँका व वित्तसंस्थांना किरकोळ अडथळे आले. दिलासा देणारीच गोष्ट. परंतु त्याची कारणे बँकेने सांगितली ती अशी की, आपल्या बहुतेक बँकांच्या महत्त्वाच्या यंत्रणा क्लाउडवर नाहीत व मोजक्याच बँका हा प्रोग्राम वापरतात. यात आपल्या दक्षतेपेक्षा आपल्या सावकाशीचा भाग मोठा आहे, आणि ती सावकाशी दिवसेंदिवस सरत चालली आहे. एकाच दिवशी, एकाच क्षणी, सर्व यंत्रांवर नवी फाइल चढविण्याचा अधिकार कोणत्याही पुरवठादाराला देऊ नये. ती आधी थोड्या यंत्रांवर, मग टप्प्याटप्प्याने चढावी, आणि केव्हा चढावी हे गिऱ्हाइकाने ठरवावे, असा दंडक रिझर्व्ह बँकेने व हवाई वाहतूक महासंचालनालयाने घालून द्यावा. स्वतः क्राउडस्ट्राइकने अपघातानंतर हीच पद्धत स्वीकारली. तेव्हा ती अशक्य आहे असे आता कोणाला म्हणता यावयाचे नाही.

राहिला नुकसानभरपाईचा मुद्दा, आणि तेथे नागरिक व गुंतवणूकदार या दोघांचेही लक्ष एकाच ठिकाणी हवे. डेल्टा या अमेरिकी विमान कंपनीची पाच दिवसांत सुमारे सात हजार उड्डाणे रद्द झाली आणि तिने आपले नुकसान ५० कोटी डॉलर सांगितले. क्राउडस्ट्राइकच्या वकिलांनी ऑगस्ट २०२४ मध्ये उत्तर धाडले की, करारातील मर्यादेनुसार आमची जबाबदारी काही दशलक्ष डॉलरांची, म्हणजे एक कोटीच्याही आतली आहे. ऑक्टोबरमध्ये डेल्टाने जॉर्जिया राज्यातील न्यायालयात दावा लावला, आणि मे २०२५ मध्ये न्यायाधीशांनी घोर निष्काळजीपणाच्या आरोपासह त्याचा बराचसा भाग पुढे चालविण्यास परवानगी दिली. जबाबदारीवर अशी मर्यादा घालणारे कलम या धंद्याच्या करारांत सर्रास आढळते. घोर निष्काळजीपणापुढे ते टिकत नाही असे एकदा ठरले, तर ज्या सुरक्षित उत्पन्नावर हे सारे भाव उभे आहेत त्यातून एका मोठ्या अपघाताची भरपाई वजा करूनच पुढील हिशेब मांडावा लागेल. म्हणून सेंटिनलवनचा शेअर ज्यांच्याजवळ आहे त्यांनी प्रतिस्पर्ध्यावरील हा खटला आनंदाने नव्हे, स्वतःवरच चालल्यासारखा वाचावयास हवा.